हॉटेलची पायरी

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सुरू झालं. चार दशकांची मागणी पुरी झाली म्हणून पेढे वाटले गेले, भाषणं झाली. शहरात सगळ्यांच्या आधी हिशेब मांडला तो मात्र लॉजवाल्यांनी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. तारखेला सोलापूरहून किंवा सावंतवाडीहून येणारा पक्षकार रात्री कुठे टेकणार? त्याच वर्षी मे महिन्यात अंबाबाई मंदिराच्या आराखड्याला १,४४५ कोटींची मंजुरी मिळाली होती. देवदर्शनाची गर्दी होतीच, तिच्यात आता कोर्टाची भर. पेठांमधल्या जुन्या दुमजली इमारतींच्या मालकांना बिल्डरांचे फोन सुरू झाले नसते तरच नवल.

अशाच एका इमारतीत मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. स्टेशन रोड आणि लक्ष्मीपुरीच्या मधे, एका गल्लीच्या तोंडावर खाली हॉटेल आणि वर लॉज. नाव सांगत नाही, मालकांना ते आवडणार नाही. माझे वडील भुदरगड तालुक्यातून जमिनीच्या दाव्यासाठी कोल्हापूरला यायचे तेव्हा इथंच उतरायचे. एका दाव्याने त्यांची अठरा वर्षं खाल्ली, म्हणजे मुक्कामही बरेच झाले असणार. ते घरी आले की धोतराला बिडीचा आणि कांदाभजीचा वास यायचा. आई त्यालाच कोर्टाचा वास म्हणायची.

जिना सागवानी आहे. प्रत्येक पायरी मधोमध बशीसारखी खोल झिजलीय, कडेला मात्र अजून रंध्याची धार आहे. कारण कडेनं कोणी चढतच नाही, सगळे मधूनच जातात. खालच्या हॉटेलात संगमरवराची चार टेबलं उरलीत. एकाला तडा गेलाय, त्यात वर्षानुवर्षांचा चहा मुरून काळी रेघ झालीय. मालक साठीचे असतील. म्हणाले, "पाडायचंच ठरलंय बघा. पाव्हण्याला आता एसी पायजे, लिफ्ट पायजे, गाडी लावायला जागा पायजे. ह्या जिन्यावरनं म्हातारं माणूस वर चढवायचं म्हणजे आमचाच जीव वर-खाली हुतोय." त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. तरी मी हा लेख लिहितोय, कारण अशा इमारतींचं काय करायचं हा प्रश्न एकट्या मालकाच्या गळ्यात अडकवून आपण सगळे मोकळे झालो आहोत.

जुन्या हॉटेलाचा वारसा म्हटला की कोल्हापूरकराचं बोट शालिनी पॅलेसकडे जातं. रंकाळ्याच्या काठावरची ती वास्तू १९३१ ते १९३४ या काळात बांधली. खर्च आठ लाख रुपये. काळा दगड, इटालियन संगमरवर, दारांना बेल्जियमची नक्षीची काच आणि तिच्यावर संस्थानची मुद्रा. १९८७ मध्ये राजवाड्याचं हॉटेल झालं. महाराष्ट्रातलं राजवाड्यातलं एकमेव तारांकित हॉटेल म्हणून त्याची जाहिरात व्हायची. आता तिथं पाहुणे उतरत नाहीत. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना लोक त्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघून हळहळतात आणि घरी जातात. हळहळ खोटी नाही. पण त्यातल्या किती जणांनी आत पाऊल ठेवलं होतं, हे एकदा विचारून बघा. मी स्वतः एकदाच गेलोय, एका लग्नाच्या निमित्तानं, तेही दुसऱ्याच्या आमंत्रणावर.

इथं आपल्या भाषेनं एक गंमत करून ठेवलीय. इंग्रजाचं हॉटेल म्हणजे राहायची जागा. आपलं हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ. राहायचं असेल तर लॉज, जेवायचं असेल तर खानावळ. हॉटेलात 'जाऊन येतात', तिथं बसतात, वर्तमानपत्र फुकट वाचतात, उधारी थकवतात. या अर्थानं कोल्हापूरच्या सगळ्यात महत्त्वाच्या हॉटेलाला मनोरा नव्हता आणि बेल्जियमची काचही नव्हती. ते भाऊसिंगजी रोडवर होतं. नाव 'सत्यसुधारक हॉटेल', मालक गंगाराम कांबळे.

ही हकिकत कोल्हापुरात बहुतेकांनी ऐकलेली असते, शाहू जयंतीच्या भाषणात ती एकदा तरी येतेच. तरी इथं सांगायला हवी. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत चाकरीला होते. महार समाजातले. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळं केलं, मदत दिली आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. धंदा निवडला तो चहाचा. पाण्याला शिवला म्हणून ज्याला मारलं, त्यानं पाणी उकळून गावाला पाजायचं. शिवणकामाचा किंवा सुतारकीचा धंदा काढून दिला असता तर एवढी खळबळ झाली नसती. गिऱ्हाईक येईना तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. राजाबरोबर गाडीत बसलेल्या माणसाला कपबशी नाकारता येत नाही.

हे कायद्याच्या जोडीनं चाललं होतं. १९१९ मध्ये संस्थानात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, सरकारी इमारती या ठिकाणी शिवाशीव पाळू नये असे हुकूम निघाले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, बाबासाहेब आंबेडकर आणि शाहू महाराज एका व्यासपीठावर आले. हुकूम आणि परिषदा इतिहासाच्या पुस्तकात जातात. चहाचं हॉटेल जात नाही, गेलं तरी तळटीपेत. पण हुकूम पाळला जातोय की नाही हे कळायची जागा तीच होती. कपबशी कोणाची, ती कोणी विसळायची, बाकावर कोण बसणार आणि पायरीवर कोण. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हॉटेलच्या बाहेर वळचणीला वेगळी कपबशी अडकवलेली असायची, ज्याची त्यानं विसळून परत अडकवायची. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' चळवळ सुरू केली, म्हणजे सत्यसुधारक हॉटेलनंतर पन्नास वर्षांनी. तेव्हाही ती कपबशी बाहेरच होती.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या हॉटेलाचा वारसा त्याच्या दगडात शोधू नये, दारात शोधावा. त्या दारातून आत कोणाला येता आलं आणि कोणाला पायरीवरूनच परत जावं लागलं, हा त्या इमारतीचा इतिहास. शहरानं जपायचं ठरवलं तर हे आधी जपावं. कमानी आणि कोरीव खांब त्याच्यानंतर.

मुंबईतलं उदाहरण बघा. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल १८६० च्या दशकात बांधलं. लोखंडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून बोटीनं आणला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथंच. आत प्रवेश फक्त गोऱ्यांना. जमशेटजी टाटांना त्या दारात अडवलं म्हणून चिडून त्यांनी ताज बांधलं, ही कथा सगळे सांगतात. अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. पण कथा टिकली, कारण हॉटेलचा अपमान म्हणजे दाराचा अपमान हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. ताज १९०३ मध्ये उघडलं आणि आजही चालू आहे. वॉटसन्सची इमारत टेकू लावून उभी आहे. तिचं काय करायचं यावर पाडा आणि वाचवा असे दोन्ही अहवाल येऊन गेले. अपमानाला मुंबईनं अख्खं ताज बांधून उत्तर दिलं असं आपल्याला मानायला आवडतं. कोल्हापूरनं कपभर चहा पाजून दिलं, आणि आपलं उत्तर लेखी पुराव्यानिशी खरं आहे. तरी मिरवतो ते मुंबईकरच. असो.

१८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहूपुरी वसली, गुळाची पेठ उभी राहिली. त्याआधी परगावचा माणूस कुठे उतरायचा? आप्ताच्या वाड्यात, मठात, धर्मशाळेत, क्षेत्रोपाध्यायांच्या घरी. या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न जातीचा. पैसे टाकून राहायची जागा आली तेव्हा तिनं निदान तत्त्वापुरता हा प्रश्न मागे टाकला. व्यवहारात तो कैक वर्षं तसाच होता, हेही तितकंच खरं. खुद्द महाराजांना हा अनुभव आला होता. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं. थोड्याच वर्षांत तिथं फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत असं एकेक करत शहर बोर्डिंगांनी भरलं. जातवार वसतिगृहं काढली म्हणून आज काही जण नाकं मुरडतात. त्यांनी आधी त्या पहिल्या, सगळ्यांसाठीच्या वसतिगृहाचं काय झालं ते वाचावं. दसरा चौकाच्या आसपासच्या या इमारती राजवाड्यांइतक्याच वारसा आहेत, आणि त्यातल्या काहींमध्ये आजही खेड्यातली मुलं राहून शिकतात. दगडही आहे आणि दारही उघडं आहे. दोन्ही एकत्र कमी ठिकाणी बघायला मिळतं.

वापर सुरू असला की इमारत टिकते, याला कोल्हापुरात पुरावे शोधायला लांब जावं लागत नाही. सीपीआर रुग्णालयाची मूळ इमारत १८८० च्या दशकातली. इंग्रज वास्तुविशारद मेजर मँटच्या आराखड्यावर बांधलेली. दवाखाना म्हणून बांधली आणि आजही दवाखानाच आहे. बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग बघितली की कळतं, तिला वारशाच्या पाटीची गरज नाही. मँटचाच टाउन हॉल १८७६ चा, तिथं वस्तुसंग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तिथं ठेवलाय. आणि सर्किट बेंच. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलात गेल्यावर सीपीआरसमोरची जुनी इमारत मागे पडली होती. बेंच मंजूर झालं आणि अवघ्या काही आठवड्यांत ती दुरुस्त होऊन न्यायमूर्तींसाठी सज्ज झाली. म्हणजे मनात आणलं तर होतं. दगड जुना, वायरिंग नवं, काम चोख. अडचण कधीच दगडाची नव्हती. आणि गंमत म्हणजे हे कोर्ट आणि गंगाराम कांबळ्यांचा चहा, दोन्ही एकाच रस्त्यावरचे.

उलट टोकाला ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये उभारलेलं नाट्यगृह, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी मोठी माणसं मी पाहिली. त्यात नट होते, तसेच पडदे ओढणारे होते, बाहेर शेंगा विकणारे होते. त्यांची भाकरी त्या इमारतीवर होती, म्हणून ते रडले. जयप्रभा या जुन्या चित्रपट स्टुडिओच्या जागेसाठी २०२२ मध्ये कलावंत आणि तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले तेही याच कारणानं. रिकाम्या पडलेल्या वास्तूसाठी कोणी उपोषणाला बसत नाही.

आता दुसरी बाजू. मालक मला म्हणाले तेच इतरही म्हणतील: वारसा पोटाला लागत नाही. त्यांच्या जिन्याखाली मीटरचा बोर्ड आहे, कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा लाकडी पट्टीवरून गेल्यात. केशवराव भोसले जळताना पाहिल्यावर अशा इमारतीत माणसं झोपतात या विचारानं माझी झोप उडाली. वरच्या सोळा खोल्यांना मिळून तीन मोऱ्या. मी स्वतः तिथं राहीन का? एक रात्र राहीन, आठवणीसाठी. दुसऱ्या दिवशी पाठ धरेल. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक कमोड बसवलेला असतो. त्यामुळे पाडूच नका असा हट्ट मी धरणार नाही. काही इमारती पडायलाच हव्यात, त्यांचं आयुष्य संपलं.

माझा आक्षेप वेगळा आहे. आज मालकाला दोनच रस्ते दिसतात, पाडा किंवा सडू द्या. मधला रस्ता कागदावर आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतुदी आहेत. इमारत जपणाऱ्या मालकाला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता यावा, म्हणजेच टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळावा, ही कल्पना मुंबईत १९९० च्या दशकापासून चालत आलीय. हे माझ्या मालकांना कोणी सांगितलं होतं? त्यांना टीडीआर हा शब्द माहीत होता, पण रस्तारुंदीत जागा गेली की मिळतो तो. जिना आणि दर्शनी भाग ठेवून मागं नवी इमारत बांधता येते, खाली हॉटेल तसंच चालू ठेवता येतं, हे आर्किटेक्टनं त्यांच्यासमोर ठेवलंच नाही. सगळं पाडून सहा मजले चढवले की आर्किटेक्टचं काम सोपं होतं आणि फीही मोठी होते. शिवाय तळघरात पार्किंग. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दसरा चौक या भागात कुठवर आलं होतं हे ज्यांनी पाहिलं, ते या भागात तळघर खोदताना दोनदा विचार करतील अशी माझी भाबडी समजूत होती. त्या जुन्या लॉजची जोती रस्त्यापासून चार पायऱ्या उंच का आहेत, याचा अर्थ बांधणाऱ्याला कळला होता.

वारशाची यादी करणाऱ्या समित्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. यादीत शैली, कालखंड, दगडाचा प्रकार असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवा: इथं काय चालायचं आणि कोण यायचं. पाडायची परवानगी देण्याआधी एक फोटो, एक नकाशा आणि जुन्या वह्या ताब्यात घ्या. वह्या म्हणजे लॉजचं रजिस्टर. मालकांनी मला एक उघडून दाखवलं. लाल खारव्याची बांधणी, वरचा कोपरा उंदरानं खाल्लेला. रकाने ठरलेले: नाव, गाव, कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण, सही. एका पानावर उभ्या रकान्यात शाईच्या टाकानं लिहिलेली कारणं मी उतरवून घेतली. गूळ. कोर्टकाम. अंबाबाई. दवाखाना, मुलीचा. गूळ. कोर्टकाम. स्थळ बघणे. कुस्ती. शूटिंग. कोर्टकाम. शेवटी 'कारण नाही', आणि त्याच्यापुढे सहीऐवजी अंगठा.

शहर कशासाठी जगत होतं, याचा याच्याइतका सरळ दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. शहरात पुराभिलेखागार आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, इतिहासाचे विद्यार्थी प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणून तक्रार करतात. नावं झाकून ठेवा, लोकांच्या खासगी गोष्टी आहेत त्या. पण कारणं मोजा. आडनावांवरून हेही बघा की कुठल्या वर्षापासून कोणते लोक या जिन्यानं वर गेले. सत्यसुधारक हॉटेलचा चहा शहरात कधी मुरला, याचं उत्तर भाषणात मिळणार नाही, मिळालं तर या वह्यांतच मिळेल.

निघताना मी विचारलं, "मालक, वह्यांचं काय करणार?"

"काय करणार! रद्दीवाला किलोला बारा म्हणतोय."

"मी वीस देतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाले, "मग न्या की. पिशवी आणलीय काय?"

पिशवी आणली नव्हती. हॉटेलातल्या पोऱ्यानं साखरेचं रिकामं पोतं दिलं. एकूण अकरा वह्या निघाल्या, १९५८ पासूनच्या, मधली काही वर्षं गहाळ. सध्या त्या माझ्या घरी दिवाणाखाली आहेत, कोणा संस्थेनं रीतसर मागितल्या तर देऊन टाकीन. रोज रात्री जेवणानंतर थोडी पानं चाळतो. वडिलांची सही मोडी वळणाची होती, लगेच ओळखू येईल. तिसऱ्या वहीपर्यंत आलोय, अजून सापडलेली नाही.